आरटीई, २५ टक्के जागा आणि झेडपीची शाळा: पालक सारखं सारखं विचारतात ते प्रश्न

आम्ही काही जण पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमधे दर वर्षी आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याचे) फॉर्म भरून देतो, पैसे घेत नाही. सीझन आला की फोन सुरू होतात आणि तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. तारखा आणि बारीक अटी दर वर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची सूचना सरकारच्या आरटीई पोर्टलवर वाचाच.

१. आरटीई म्हणजे ते इंग्लिश मीडियमचं फ्री अ‍ॅडमिशन ना?

नाही, ते त्याचं एक कलम आहे फक्त. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि त्याच्यामागे घटनेचं कलम २१-क आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, घराजवळ मिळालं पाहिजे, शिकवायला पुरेसे शिक्षक पाहिजेत, मुलींना वेगळं टॉयलेट, पाणी, खेळायला जागा, हे सगळं या कायद्यात आहे. तुम्ही जे २५ टक्के म्हणता ते कलम १२(१)(सी). विनाअनुदानित खाजगी शाळेने सुरुवातीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचं, असं ते कलम सांगतं. लोकांनी त्या एका कलमालाच आरटीई नाव देऊन टाकलंय आणि बाकीचा कायदा विसरून गेलेत, आम्हाला याचं फार वाईट वाटतं. का ते प्रश्न १० मधे लिहिलंय.

२. आमच्या मुलाला बसतं का? कोण कोण अर्ज करू शकतं?

दोन गट आहेत. वंचित घटकात एससी, एसटी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) येतात, शिवाय दिव्यांग मुलं (४० टक्के किंवा जास्त), एचआयव्हीबाधित किंवा प्रभावित मुलं, अनाथ मुलं, आणि कोविडमधे ज्यांचे आईवडील गेले ती मुलं. या गटाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दुसरा दुर्बल घटक, म्हणजे बाकी कुठल्याही जातीधर्माचं कुटुंब ज्याचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत आहे, त्यांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. वय पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ पूर्ण.

३. नवरा कंपनीत हेल्पर आहे, वर्षाचं १ लाख ३० हजार होतं. आम्ही श्रीमंत झालो का?

ताई, नाही झालात. तुम्ही ओपनमधे असाल तर नियमाप्रमाणे अर्ज बसत नाही एवढंच. हा प्रश्न आला की आम्हालाच उत्तर देताना जड जातं. हिशोब करून बघा, १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. रोज ४०० रुपये हजेरीने महिन्याला २५ दिवस काम करणारा माणूससुद्धा वर्षाला १ लाख २० हजार कमवतो, म्हणजे बिगारी काम करणारासुद्धा कागदावर या योजनेच्या बाहेर जातो. आणि त्याच देशात नोकरी आणि कॉलेजच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आरक्षणाला मर्यादा ८ लाख आहे. कॉलेजला जाणाऱ्यासाठी गरीब म्हणजे ८ लाख आणि पहिलीत जाणाऱ्यासाठी १ लाख. ही मर्यादा वाढली पाहिजे असं आमचं स्पष्ट मत आहे, आमदाराला भेटाल तेव्हा हा ८,३३३ चा आकडा सांगा, लोकांना तो पटकन कळतो.

कमी उत्पन्नाचा खोटा दाखला काढायचा सल्ला कोणी देत असेल तर त्यासाठी प्रश्न १६ वाचा.

४. भाड्याने राहतो, घरमालक काही लिहून द्यायला तयार नाही. काय करू?

सगळ्यात जास्त फॉर्म इथेच अडकतात. रहिवासी पुराव्याला भाडेकरार चालतो पण तो रजिस्टर्ड पाहिजे, शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला पडताळणीत नाकारतात. आणि कराराचा काळही बघतात, ११ महिने किंवा जास्तचा लागतो, अर्ज सुरू व्हायच्या आधीचा लागतो. करार होतच नसेल तर आधार, रेशन कार्ड, मतदान ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक यातलं काही सध्याच्या पत्त्याचं असेल तर बघा. गावाकडचा पत्ता असलेलं आधार लावून इथली शाळा मागू नका, नंबर लागला तरी पडताळणीत रद्द होतो आणि पोरगं तोपर्यंत नवीन दप्तर घेऊन बसलेलं असतं. जातीचा दाखला आईचा किंवा वडिलांचा महाराष्ट्रातलाच लागतो. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कामगारांची पोरं इथेच गळतात, आणि त्यांना दुर्बल घटकातून १ लाखाची अट लावून प्रयत्न करावा लागतो.

५. लोकेशन पिन चुकीची टाकली, काही होतं का?

हो होतं, बरंच होतं. अंतर पिनवरून सरळ रेषेत मोजलं जातं, आणि आधी १ किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार होतो मग ३ किलोमीटरपर्यंतचा. पिन दोन गल्ल्या पुढे पडली तरी शाळा लिस्टमधे येत नाही किंवा मागच्या गटात जाते. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःच्या दुकानावर पिन टाकतो, असं आम्ही खूप वेळा बघितलंय. स्वतः घरात उभं राहून मोबाईलवर लोकेशन बघा आणि तेच टाका. मुद्दाम शाळेजवळ पिन टाकली तर कागदावरचा पत्ता आणि पिन जुळत नाही म्हणून अर्ज जातो. शाळा १० पर्यंत निवडता येतात.

६. नंबर लागला नाही. आता कोणाला भेटायचं, कोणाला द्यायचे का काही?

कोणालाही एक रुपया देऊ नका. सोडत ऑनलाइन, पूर्ण राज्याची एकत्र निघते, त्यात एजंटच्या हातात काही नसतं. नंबर लागला तर तो आपल्यामुळेच लागला म्हणून पैसे घेतो आणि नाही लागला तर फोन उचलत नाही.

निवड यादीनंतर वेटिंग लिस्ट असते, तिच्या फेऱ्या होतात. एसेमेसवर अवलंबून राहू नका, पोर्टलवर स्वतःचा अर्ज क्रमांक टाकून दर दोन दिवसांनी बघा, मुदत संपली की जागा पुढच्याला जाते. २०२५-२६ ला १ लाख ९ हजारांच्या आसपास जागांना ३ लाखांवर अर्ज आले होते. म्हणजे तीन पोरांतल्या एकाला. शहरातल्या नाव असलेल्या शाळेला तर याहून वाईट. तुमचं काही चुकलं म्हणून नंबर गेला असं समजू नका, पोराला तर अजिबात तसं जाणवू देऊ नका.

७. अ‍ॅडमिशन फ्री झालं पण शाळा पुस्तकं, युनिफॉर्म, अ‍ॅक्टिव्हिटी, अ‍ॅपचे मिळून १८ हजार मागते. द्यायचे का?

कायद्याच्या कलम ३ मधे लिहिलंय की ज्यामुळे शिक्षण पूर्ण करायला अडचण येईल अशी कुठलीही फी, शुल्क किंवा खर्च मुलाला भरायला लावता येणार नाही. शुल्क आणि खर्च हे दोन्ही शब्द तिथे आहेत, फक्त ट्यूशन फी नाही. शाळांचं म्हणणं असतं की सरकार आम्हाला ट्यूशन फीचेच पैसे देतं, बाकीचं पालकांनी बघावं. या भांडणात पोराला पुस्तक मिळत नाही.

आमचा अनुभव असा की तोंडी वाद घालून उपयोग नाही. पैसे कशाचे ते लेखी मागा. बहुतेक शाळा लेखी देतच नाहीत आणि तिथेच अर्धं प्रकरण मिटतं. लेखी दिलंच तर तो कागद लावून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे (महापालिका हद्दीत असाल तर पालिकेच्या शिक्षण विभागाकडे) अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. एकटं जाऊ नका, चारपाच पालक मिळून जा. अ‍ॅडमिशनच्या वेळी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, टेस्ट घेतली तर तेही बेकायदा आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. डोनेशन मागितलं तर त्या रकमेच्या १० पटीपर्यंत.

८. शाळा म्हणते सरकार आमचे पैसेच देत नाही. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि हे पालकांनी समजून घेतलं पाहिजे. नियम असा की सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची खरी फी, यातलं जे कमी असेल तेवढे पैसे शाळेला परत मिळतात. महाराष्ट्राने हा दर वर्षाला १७,६७० रुपये धरला, कोविडच्या काळात तो ८,००० वर आणला होता, आणि तेही वर्षानुवर्षं थकतात. मोठ्या शाळेला याने फरक पडत नाही, पण अडीचशे पोरांची, १५-२० हजार फी घेणारी एखाद्या बाईने चालवलेली छोटी शाळा असते ती खरोखर अडचणीत येते, शिक्षकांचे पगार अडतात. तिचा राग आम्हाला कळतो. पण तो राग मंत्रालयावर काढायला पाहिजे, शेवटच्या बाकावर बसलेल्या सहा वर्षांच्या पोरावर नाही. थकबाकी हा शाळा आणि सरकारमधला विषय आहे, त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही.

९. २०२४ मधे नियम बदलला होता ना? आता कोणता चालू आहे?

जुनाच. झालं असं की ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने अधिसूचना काढली की ज्या खाजगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्क्यांतून सूट. आता महाराष्ट्रात १ किलोमीटरमधे झेडपी, पालिका किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा किती सापडणार? म्हणजे जवळजवळ सगळ्या इंग्लिश मीडियम शाळा बाहेर. पोर्टलवर जागा एकदम ८ लाखांच्या वर दिसायला लागल्या, कारण सरकारी शाळाच लिस्टमधे टाकल्या होत्या, जिथे तसंही फुकटच शिक्षण आहे. पालकांना ते बरोब्बर कळलं, अर्ज आले फक्त ७० हजारांच्या आसपास. ६ मे ला मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, जुन्या पद्धतीने परत अर्ज मागवले तर साधारण १ लाख ५ हजार जागांना २ लाख ४० हजारांच्या वर अर्ज. १९ जुलै २०२४ ला हायकोर्टाने तो बदल रद्दच केला, मूळ कायद्याच्या आणि घटनेच्या विरोधात आहे म्हणून, आणि ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. या सगळ्यात त्या वर्षीच्या पोरांची शाळा मात्र दीडदोन महिने उशिरा सुरू झाली. काही पालकांनी कंटाळून कर्ज काढून फी भरली, ते पैसे परत मिळाले नाहीत.

१०. मग सरकारचं म्हणणं काय चूक होतं? सरकारी शाळा शेजारी असताना खाजगी शाळेला सरकारने पैसे का द्यायचे?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे उत्तर लांब आहे.

प्रश्नात दम आहे. शेजारची शाळा चांगली असती तर कोणी लॉटरी खेळलंच नसतं. पण सूट देताना शेजारची शाळा चांगली करायचं कोणी बोललं नाही, फक्त खाजगी शाळेचं दार बंद करायचं ठरलं. तेवढंच चूक होतं.

ही मागणी काल परवाची नाहीये. महात्मा फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे हेच सांगितलं होतं की पैसा शेतकऱ्याच्या घामातून गोळा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, आधी प्राथमिक शिक्षणाकडे बघा. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड लावला, पण त्याच्याबरोबर गावोगाव शाळाही काढल्या, सक्ती नुसती कागदावर नव्हती. मग १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग, त्याचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. त्या आयोगाने समान शाळा आणि शेजारशाळा सांगितली होती, म्हणजे कलेक्टरची आणि शिपायाची मुलं एकाच जवळच्या शाळेत, आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं सांगितलं. ते ६ टक्के आजपर्यंत झालेले नाहीत.

झालं काय, तर उलटं. ज्यांचा आवाज वरपर्यंत पोचतो त्यांनी आधी आपली पोरं काढून घेतली. आमच्या आईवडलांच्या वेळी तालुक्याच्या गावात डॉक्टरचा मुलगा आणि त्याच दवाखान्यातल्या आयाची मुलगी जीवन शिक्षण मंदिरात, म्हणजे झेडपीच्या शाळेत, एकाच सतरंजीवर बसायचे, छप्पर गळलं की डॉक्टरच जाऊन सभापतीला धरायचा. आज छप्पर गळलं तर तक्रार करणारी बाई रोजावर जाते, तिला पंचायत समितीत जायचं तर दिवसाचा खाडा पडतो. शाळा सरकारी आहे म्हणून घसरत नाही, तिच्यामागे बोलणारी माणसं उरली नाहीत म्हणून घसरते. त्यात शिक्षकाला मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती, चार वर्गांना मिळून दोन शिक्षक.

आणि चांगलं होऊच शकत नाही असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या झेडपी शाळेत एकेकाळी अ‍ॅडमिशनसाठी वेटिंग लिस्ट लागायची. मुंबई महापालिकेने सीबीएसई शाळा काढल्या तर तिथे प्रवेशाला सोडत काढायची वेळ आली. म्हणजे पालकांचा सरकारी शाळेवर राग नाहीये, रिकाम्या वर्गावर आहे.

म्हणून आमची भूमिका अशी: २५ टक्के जागा शंभर टक्के भरल्या पाहिजेत, त्या हक्काच्या आहेत, त्यासाठी आम्ही भांडतो. पण तीनातल्या ज्या दोघांचा नंबर लागत नाही ती पोरं दुसऱ्या दिवशी झेडपी किंवा पालिकेच्या शाळेतच जातात. त्यांच्यासाठी त्याच पोर्टलवर काही नाही.

११. झेडपीच्या शाळेत पोराला घातलं तर मी काय करू शकते? मला तर नीट लिहिता पण येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापक ओळखीच्यांची नावं टाकून घरी सह्या घेतात. पालकसभा कधी आहे ते विचारा आणि जाऊन बसा. शिक्षक किती मंजूर, किती हजर, आहाराचा तांदूळ आला का, टॉयलेटला पाणी आहे का, एवढे चार प्रश्न विचारायला लिहिता यावं लागत नाही. आमच्या ओळखीची एक भाजी विकणारी बाई दोन वर्षं समितीची अध्यक्ष होती, तिने टाकी बसवून घेतली आणि एक रिकामं पद भरून घेतलं, फक्त दर सोमवारी केंद्रप्रमुखांना फोन करून.

१२. गावच्या शाळेत ९ पोरं उरलीत, शाळा बंद करून लांबच्या शाळेत टाकणार म्हणतात. अडवता येतं का?

२० च्या आतल्या पटाच्या १४,७०० च्या वर शाळा होत्या राज्यात २०२३ मधे, तेव्हा त्यांना एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला होता, म्हणून ही भीती. सरकारचा मुद्दा असा की ९ पोरांना ना खेळ ना स्पर्धा, एकत्र आली तर सोयी देता येतात. काही ठिकाणी हे बरोबरही आहे, जिथे रस्ता चांगला आहे, गाडी वेळेवर येते. पण डोंगरातल्या वाडीवर, धनगर वस्तीवर, पाड्यावर तसं नाही. पावसाळ्यात ओढा आला की सात वर्षांचं पोर तिकडे जाणारच नाही, आणि मुलींची शाळा पहिली सुटते. नियमात पहिली ते पाचवीला १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटर अंतर धरलंय. ग्रामसभेचा ठराव करा, त्यात अंतर, ओढा, जंगल, एसटी आहे का, हे सगळं लिहा, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना पाठवा.

१३. आम्ही ऊसतोडीला जातो. दसऱ्यानंतर पोरांचं काय करायचं?

बीडकडून हा प्रश्न दर वर्षी येतो. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही, आणि पोरं फडावर जातात. धाकट्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण.

पहिला पर्याय हंगामी वसतिगृह. गावातच आजीआजोबांकडे पोरं ठेवायची, जेवणाची सोय शाळेमार्फत होते, पण त्याची मागणी सुट्टीच्या आधीच मुख्याध्यापकांकडे नोंदवा, नंतर नाव लागत नाही. पोरांना न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येतं. त्या शाळेला नाही म्हणता येत नाही, कागद अपुरे आहेत म्हणूनही नाही. परत आल्यावर आपली शाळा ठेवून घेते, नाव काढून टाकलं तर प्रश्न ७ मधे सांगितलं तसा लेखी अर्ज द्या.

१४. मायनॉरिटी शाळेत २५ टक्के का नाही?

सुप्रीम कोर्टाने २०१२ ला विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि २०१४ च्या प्रमती निकालात सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलंय. सप्टेंबर २०२५ मधे दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या निकालावर शंका घेऊन तो मोठ्या खंडपीठापुढे पाठवायला सांगितलंय. त्याचा निकाल येईपर्यंत वगळलेलंच धरून चाला, फॉर्ममधे त्या शाळा दिसणार नाहीत.

१५. दुसरीत आहे पोरगा. मधेच २५ टक्क्यांत घेता येईल? आणि आरटीईतून घेतलेली शाळा बदलता येते का?

दोन्हीला नाहीच म्हणावं लागेल. सोडत फक्त सुरुवातीच्या वर्गाला असते. शाळा बदलायचा हक्क कायद्यात आहे (कलम ५) पण त्यातून खाजगी विनाअनुदानित शाळा वगळल्यात, म्हणजे तुम्ही हक्काने झेडपी, पालिका, अनुदानित शाळेत जाऊ शकता, दुसऱ्या इंग्लिश मीडियममधे मोफत जागा मागू शकत नाही. एकदा या योजनेतून प्रवेश घेतला की परत अर्जही करता येत नाही. म्हणून १० शाळा निवडताना नावावर जाऊ नका, रोज पोराला पोचवता येईल का आणि आठ वर्षं तिथेच राहणार आहात का हे आधी बघा.

१६. आमच्या बिल्डिंगमधल्या गाडीवाल्यांनी खोट्या दाखल्यावर प्रवेश घेतलाय. तक्रार करू का?

करा, लेखी करा, पडताळणी समितीकडे. खोटा दाखला हा गुन्हा आहे आणि प्रवेश रद्द होतो. पण आधी एक खात्री करा. वंचित घटकाला उत्पन्नाची अटच नाही (प्रश्न २), त्यामुळे दारात गाडी आहे म्हणजे प्रवेश खोटा असं होत नाही. त्या गटालाही काही मर्यादा असावी का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. जातीमुळे दार बंद होणं आणि पैशामुळे बंद होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला स्वतःला वाटतं.

१७. वर्गात आरटीईच्या मुलांना वेगळं बसवतात. मुलगी शाळेत जायला नको म्हणते.

वेगळं बसवणं, वेगळी तुकडी करणं, वेगळ्या वेळेला बोलावणं, सगळं नियमाविरुद्ध आहे. एका शाळेत या मुलांची हजेरी वेगळ्या वहीत घ्यायचे आणि सहलीची चिठ्ठीच त्यांना द्यायचे नाहीत. आम्ही सहा पालकांच्या सह्यांचं पत्र दिलं, पालिकेचे अधिकारी येऊन गेले, आणि वही बंद झाली. पण त्यातल्या एका मुलीने तोपर्यंत शाळा सोडली होती, ती आता पालिकेच्या शाळेत आहे आणि छान रमलीये. त्यामुळे वाट बघत बसू नका, मुलगी गप्प झाली, डबा परत यायला लागला की त्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा, मग मुख्याध्यापक, मग लेखी.

१८. आठवी संपली. नववीची फी ६० हजार सांगितली. आता?

कायदा आठवीला थांबतो, नववीपासून शाळा पूर्ण फी मागू शकते. हे पहिलीतच कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. सातवीत असतानाच जवळच्या अनुदानित हायस्कूलमधे चौकशी सुरू करा, तिथे सेमी-इंग्लिशची तुकडी असते, मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे. आठवीला एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, पण ती फक्त सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना देता येते, २५ टक्क्यांतून खाजगी शाळेत गेलेल्या मुलांना नाही, हे लक्षात ठेवा. काही शाळा विनंती केली तर फी हप्त्यात घेतात, तसं लेखी मागा. आणि दाखला फीसाठी अडवून ठेवला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आम्हाला कळवलंत तर आम्ही बरोबर येऊ.